नाव झाकून वाचलेलं माप

१९६९ साल. मी तेवीस वर्षांचा होतो, आणि म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात माप वाचण्यात माझ्या तोडीचा टेलर नव्हता. फुशारकी म्हणून सांगत नाही. तेव्हाचे बरेच जण आता राहिले नाहीत, नाहीतर त्यांनाच विचारा म्हटलं असतं. माप घेणं कुणालाही येतं. टेप धरली, आकडा लिहिला, झालं. वाचणं वेगळं. आमच्या मास्टरांकडे एक लांबट वही होती, तिच्यात डावीकडे गिऱ्हाइकाचं नाव आणि उजवीकडे आकडे. दुपारी दुकान रिकामं असलं की मास्टर तळहाताने नाव झाकायचे आणि म्हणायचे, "यारप्पा इवा? सांग बघू, कोण हा?" आणि मी नुसते आकडे बघून सांगायचो. छाती अडतीस, पोट बेचाळीस, बाही आखूड: मिठाईवाला. डावा खांदा अर्धा इंच उतरलेला: पोस्टमन, त्या खांद्यावर थैली असते. मास्टर हात उचलायचे, खाली तेच नाव निघायचं. दहातली नऊ वेळा. दहाव्या वेळी माप चुकीचं घेतलेलं असायचं, असं मी म्हणायचो.

शाळा म्हणाल तर कन्नड चौथी. मराठी अक्षरं आईने पोथीवर बोट फिरवून शिकवली, म्हणून हे लिहितोय. ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्याने आपापलं नीट करून घ्यावं, मी आता या वयात कुणाची माफी मागणार नाही.

आमचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या, पुढे दगडी कट्टा. सकाळी फुलवाल्यांची आरडाओरड, मग टांग्यांच्या घंटा, मग माझ्या मशिनची खडखड, कारण अर्धं काम मी घरी आणत असे. घरात आम्ही चौघं. आप्पा राजवाड्याच्या पागेत होते, तेव्हा निवृत्त झालेले. घोडे सुटले पण बूट सुटले नव्हते. रोज सकाळी कट्ट्यावर बसून बुटांना पॉलिश करायचे आणि घालून बाजारात कोथिंबीर आणायला जायचे. आमचे पूर्वज शिपाईगिरी करत म्हैसूरला आले. कुठून आणि कुणाबरोबर ते आप्पा सांगायचे, दर वेळी वेगळं. मी सुई धरली याचं त्यांना वाईट वाटायचं. तसं ते कधी बोलले नाहीत. नुसतं पाहुण्यांना सांगताना "मुलगा बाजारात असतो" म्हणायचे.

बोलणं कमी ही आमच्या घराची रीत होती, आणि रीत कसली, अभिमानच. पूर्ण वाक्य बोलणारा माणूस उथळ, असा आप्पांचा समज. पागेतली सवय असेल. "वारा आहे" म्हणाले की कुणीतरी उठून खिडकी लावायची. आई "कढी उरलीय" म्हणाली की ताट घेऊन बसायचं. मी बाहेरून येऊन "आज नको" म्हटलं की आईला कळायचं की मास्टरांनी बोलून घेतलंय, आणि ती त्या दिवशी जेवणाला खोबऱ्याची चटणी वाटायची. रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा, वर तूप, गरम सारू, म्हणजे पातळ आमटी, शेजारी ती चटणी. न बोलता एवढं समजून घेणारी माणसं मला नंतर फारशी भेटली नाहीत. मात्र न बोलण्यात किती धोका आहे तेही त्याच घरात शिकलो, तेच सांगायला बसलोय.

चौथं माणूस मंजुळा. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान बहीण, आमच्या अख्ख्या गोतावळ्यात कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. तिला पाठवायचं हे मी आप्पांकडून हट्टाने कबूल करून घेतलं होतं. तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. लोकांना वाटतं हट्ट वाईट. माझ्या हट्टाने निदान एकदा तरी चांगलं काम केलंय. कॉलेजात तिला तर्कशास्त्र नावाचा विषय होता, आणि तो ती रोज जेवणाच्या वेळी घरी घेऊन यायची.

"माणूस 'म्हणून' म्हणाला ना अण्णा, की मध्ये एक वाक्य गिळलेलं असतं," ती एकदा मला म्हणाली. "त्यालाही ते माहीत नसतं. आमचे सर सांगतात, ते बाहेर काढून उजेडात बघायचं. ते खोटं निघालं तर पुढचं सगळं पडलं."

"आणि खरं निघालं तर?"

"तर बरोबर. पण आधी बाहेर काढायचं."

मग हा खेळच झाला. आप्पा घास घेता घेता म्हणाले, "समोर रेडिओ आलाय. वरकमाई सुरू झाली म्हणायची." मंजू लगेच पाटावर सरसावून बसली. "गिळलेलं वाक्य: पगारातून रेडिओ येत नाही. पण आप्पा, सासऱ्याने दिला असेल तर?" आप्पांनी शांतपणे घास गिळला आणि म्हणाले, "त्याच्या सासऱ्याला मी ओळखतो." आई एवढी हसली की तुपाची पळी भातात पडली. आईलाही सोडायची नाही. आई म्हणाली, "सारू पाणचट झालाय, मंजूने केलेला दिसतोय." "गिळलेलं वाक्य: पाणचट सारू फक्त मंजूच करते. आई, आज तूच केलायस!" "हौद?" आई म्हणाली, म्हणजे 'असं होय', आणि पुन्हा एक घोट घेऊन, "मग तसा बरा आहे की." आणि माझ्याकडे वळून मंजूचं नेहमीचं: "अण्णाचं तर अख्खंच गिळलेलं असतं. बाहेर नुसता 'हं' येतो." मी म्हणायचो, "हं."

परवा बोगादीला, म्हैसूरच्या कडेला, तिच्या घरी हे एवढं वाचून दाखवलं. रिटायर झाली तरी बाईंचा प्राध्यापकपणा गेलेला नाही, हातात पेन्सिल घेऊनच बसली. म्हणाली, "मी इतकी आगाऊ नव्हते." होती. लिहिलंय ते राहणार.

दसऱ्याच्या आधीचा महिना टेलरला जेवायला सवड देत नाही. रस्त्याने मिरवणुकीच्या हत्तींची तालीम चालायची, त्यांच्या घंटा ऐकू आल्या की पोरं धावत सुटायची आणि मी मान वर न करता काजं करत असायचो. गल्लीतल्या सगळ्यांचे नवे कपडे माझ्या हातचे. माझे स्वतःचे मात्र कधीच नाहीत. दुकानात नेहमी दोन-चार शर्ट पडलेले असत, गिऱ्हाईक शिवायला टाकून गेलेलं आणि परत न आलेलं. त्यातला एखादा मास्टर वर्षअखेर मला द्यायचे, मी तो नजरेनेच इकडे तिकडे आवळून घालायचो. मला त्यात काही कमी वाटलं नाही. टेलरचं माप कोण घेणार? त्याला स्वतःला घेता येत नाही, आणि दुसऱ्या टेलरपुढे हात पसरून उभं राहणं म्हणजे आपलं काम त्याला दाखवणं.

एका सकाळी कॉलरचा कागद कापायला मला जाड कागद हवा होता. मंजूची जुनी लिहिलेली पानं मी नेहमी घ्यायचो. ती कॉलेजात गेली होती. तिची तर्कशास्त्राची वही उचलली तर आतून एक घडी केलेला कागद पडला. तिच्याच वळणदार अक्षरात आकडे. उंची अठ्ठावीस. छाती साडेचौतीस. शोल्डर साडेसोळा. बाही तेवीस. कॉलर चौदा. आणि खाली बारीक अक्षरात: उजवा खांदा अर्धा इंच खाली.

नाव झाकायची गरज नव्हती, नाव नव्हतंच. सवयीने मी वाचायला लागलो आणि माणूस डोळ्यांपुढे उभा राहिला. सडपातळ. मान बारीक. छाती आत गेलेली, म्हणजे वाकून बसतो. वाकून बसतो म्हणजे वाचतो. उजवा खांदा उतरलेला, म्हणजे त्या खांद्यावर पुस्तकांची पिशवी. पुस्तकांची पिशवी म्हणजे कॉलेजातला. आणि शर्टाचं माप माणसाच्या अंगाला हात लावल्याशिवाय घेता येत नाही. टेप गळ्याभोवती फिरवावी लागते, छातीभोवती फिरवावी लागते. माझे कान तापले. खरं सांगतो, त्या माणसाबद्दल मला जरासुद्धा बरं वाटलं नाही. असा बारका, एका अंगाने पडलेला, धड उभा न राहणारा. ह्याच्यात हिने काय पाहिलं?

आप्पा कट्ट्यावर बुटांना ब्रश मारत होते. मी जाऊन उभा राहिलो.

"आप्पा. मंजूचं कॉलेज साकु."

साकु म्हणजे पुरे. ब्रश थांबला.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

"हं," आप्पा म्हणाले, आणि दुसरा बूट घेतला.

एवढंच. काय पाहिलं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमच्या घरात असल्या गोष्टी तोंडाने उच्चारत नसत. मला तेव्हा वाटलं, मी किती जबाबदारीने वागलो, बहिणीचं नाव न काढता काम केलं. एक शब्द जास्त बोललो असतो, नुसतं 'वहीत' एवढं जरी म्हटलं असतं, तर आतून आई बाहेर आली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती. आईला मात्र आप्पांनी इतकंच सांगितलं की किट्टूने, म्हणजे मी, पाहिलंय. ती समजली, मी मंजूला रस्त्यात कुणाबरोबर पाहिलं. दुपारी माझ्या मशिनजवळ येऊन तिने विचारलं, "नक्की ना रे?" मी म्हटलं, "नक्की." पदर तोंडाला लावून ती चुलीकडे गेली.

मंजू संध्याकाळी आली. आप्पांनी तिला सांगितलं, उद्यापासून जायचं नाही. ती सरळ माझ्यापाशी आली, चप्पलही काढली नव्हती.

"काय पाहिलंस तू?"

"तुला माहीत आहे."

ती जरा दचकली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला तिथे पाहिलंस होय?"

तिथे म्हणजे कुठे ते मला ठाऊक नव्हतं. मी तिला कुठेच पाहिलं नव्हतं. पण आता मागे कसं यायचं? "हो," मी म्हणालो.

"आणि एवढ्यासाठी? अण्णा, एवढ्यासाठी माझं कॉलेज?"

तिला ही गोष्ट 'एवढीशी' वाटते हे ऐकून माझं उरलंसुरलं काळीजही दगड झालं. मी मशिन चालवायला लागलो. ती थोडा वेळ उभी राहिली. बोलेल असं वाटलं. पण ती माझीच बहीण. आमच्यात कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

पिरियापट्टणला आमच्या दूरच्या नात्यातल्या तुळसाक्का होत्या. तंबाखूचं रान, पान वाळवायची भट्टी, नवरा गेल्यावर सगळं त्यांनीच सांभाळलेलं, आणि एक मुलगा. मंजूला त्यांनी मागच्या वर्षीच मागणी घातली होती. आप्पांनी तेव्हा "शिकतेय" एवढंच सांगितलं होतं. आता आप्पा बूट घालून स्वतः पिरियापट्टणला गेले आणि शब्द देऊन आले. दसऱ्यानंतर आठवड्याने साखरपुडा, पुढे कार्तिकात लग्न. घरी येऊन म्हणाले, "माणसं चांगली आहेत." त्यात खोटं काही नव्हतं.

मग ते दिवस गेले कसे ते विचारू नका. मंजू घरातली सगळी कामं करायची, एक शब्द न बोलता. जेवताना भांड्यांचा आवाज तेवढा. आप्पा कधी कधी मुद्दामच काहीतरी अर्धवट बोलायचे, "पलीकडच्यांनी गाय विकली, परदेशी चाललेत बहुतेक," आणि तिच्याकडे बघायचे, ती गिळलेलं वाक्य काढेल म्हणून. ती सारू वाढून पुढे जायची. एकदा मी पाहिलं, आप्पांनी अर्धं ताट तसंच सारलं. सारू पाणचट झालेला नव्हता, चांगला होता.

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी गल्लीतले शेवटचे कपडे पोचवून मी दिवेलागणीला घरी आलो. हातपाय धुतले, मशिनपाशी बसलो. मंजू आली आणि वर्तमानपत्रात बांधलेला एक गठ्ठा तिने मशिनवर ठेवला. ठेवला कसला, आपटला.

"घे. आज मिळाला. दुसऱ्या टेलरकडे टाकला म्हणूनच एवढा राग आला ना तुला? मला त्याच्या दुकानात उभी पाहिलीस आणि तुझा मान गेला. पण तुझ्याकडेच कसा टाकणार होते? सांग ना! गल्लीला नवे कपडे घालतोस आणि स्वतः लोकांनी टाकलेले शर्ट घालून फिरतोस. शेजारच्या पोरींना शिकवून पैसे साठवले मी. म्हटलं दसऱ्याला एकदा तरी..."

मला काही कळलं नाही. खरंच नाही. हातांना मात्र कळलं. गठ्ठा सोडला, आत पांढरा पॉपलिनचा शर्ट. टेलरच्या हातात दुसऱ्याचं काम आलं की तो आधी उलटं करून शिवण बघतो. बघितली. कॉलरचं टोक जरा बोथट होतं. मग गळ्यात टेप होतीच, ती लावली. अठ्ठावीस. छातीत चार इंच सूट धरून साडेचौतीस. बाही तेवीस. उजवा खांदा अर्धा इंच खाली उतरवलेला.

मी आईकडे पाहिलं. ती दारात उभी होती.

"तू रविवारी दुपारी झोपला होतास," आई म्हणाली. "मी टेप धरली, हिने लिहिलं. गळ्याभोवती फिरवताना तू 'मास्टर, थांबा' म्हणालास झोपेत, आम्हाला हसू आवरेना. खांदा मीच दाखवला हिला. कात्री ओढून ओढून उतरलाय म्हटलं, पोराचा."

मी तसाच बसून राहिलो. तेव्हा पाठ वाकली होती की काय, माहीत नाही, असेल. मंजूने डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"अण्णा, तू मला दुकानात पाहिलं नव्हतंस?"

"नाही."

"मग पाहिलं काय होतंस?"

"कागद," मी म्हणालो. "तुझ्या वहीत. मापाचा."

आईने कपाळाला हात लावला. मंजूने विचारलं, "कुणाचं वाटलं तुला ते माप?"

"कॉलेजातल्या कुणाचं तरी."

"असल्या बारक्या माणसाचं? असं खांदा पडलेल्या?" असं म्हणत ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि माझ्या त्या उतरलेल्या खांद्यावर तिने हात ठेवला. लहानपणापासून तिने मला असा हात लावला नव्हता. आमच्यात ती पद्धत नव्हती.

"गिळलेलं वाक्य सांग," ती म्हणाली. "कागदावर शर्टाचं माप आहे, म्हणून ते परक्या माणसाचं. मध्ये काय होतं, सांग आता."

मला वेळ लागला. चौथी शिकलेल्या माणसाला बाहेर काढायला अवघड वाक्य होतं ते. "माझं माप कुणी घेणार नाही," मी म्हणालो.

आई आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज आला नाही, नुसती उभी असावी.

आप्पा कट्ट्यावर होते. हे सगळं त्यांनी ऐकलं असणार, आमची भिंत काही जाड नव्हती. मी जाऊन शेजारी बसलो. एरवी मी त्यांच्या शेजारी बसत नसे, उभा राहत असे.

"आप्पा, माझी चूक झाली."

"शब्द दिलाय मी," आप्पा म्हणाले.

"माझ्यामुळे दिलात. मी जाऊन परत घेतो."

"आणि सांगणार काय तिथे?"

"झालं ते सगळं."

"आपल्यात सगळं सांगत नाहीत, किट्टू."

"म्हणून तर हे झालं."

त्यांनी पायातले बूट काढून बाजूला ठेवले. मला वाटलं आता उठून आत जातील. मग म्हणाले, "मीही विचारायला हवं होतं. तू काय पाहिलंस ते." आप्पांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब बोलणं असावं. आणि खाकरून म्हणाले, "पहिली गाडी सहाला सुटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बसने मी पिरियापट्टणला गेलो. आयुधपूजेचा दिवस, बसच्या नाकाला झेंडूची माळ, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधलेले, ड्रायव्हरच्या कपाळाला कुंकू. माझं मशिन आणि कात्री त्या दिवशी पूजेशिवाय राहिली. तुळसाक्कांच्या रानात पोचलो तर भट्टी पेटलेली होती. पान आत टांगलेलं असलं की सण असो नसो, आग विझवता येत नाही. सगळीकडे तो गोडसर, घशात बसणारा वास. तुळसाक्का अंगणात बसून काठीला पानं बांधत होत्या, पान दुमडायचं, दोऱ्याने अडकवायचं, पुढचं घ्यायचं. मला बघून त्यांनी ताक मागवलं. हात थांबवला नाही.

मी बसमध्ये ठरवूनच आलो होतो की यावेळी एकही वाक्य गिळायचं नाही. म्हणून कागद सांगितला, माप सांगितलं, ते वाचून मी काय काय धरून चाललो तेही सांगितलं. आप्पांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, तेही. मुलीत काही दोष नाही, दोष माझ्या वाचण्यात, असं म्हणालो. शेवटी हात जोडून म्हणालो, "अक्का, शब्द परत द्या. तिला पुढे शिकायचंय."

तुळसाक्कांनी अख्खी काठी भरून बाजूला ठेवली. मग पदराला हात पुसले.

"तू एवढ्या लांब येऊन सगळं उघड सांगितलंस, ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "दुसरा कुणी असता तर पत्रिका जुळत नाही म्हणून चिठ्ठी पाठवली असती. मला राग नाही. पण एक सांग. तिला शिकायचंय, लग्न नको, असं ती म्हणाली?"

मी ताकाचा पेला उचलून एक घोट घेतला.

"काल संध्याकाळी म्हणाली? सकाळी निघताना म्हणाली?"

"नाही अक्का. पण..."

"पण तू समजलास." त्या हसल्या, चेष्टेने नाही. "महिन्यापूर्वी तिला न विचारता कॉलेज बंद केलंत. मग तिला न विचारता मला शब्द दिलात. आता तिला न विचारता तो परत घ्यायला आलायस. अरे किट्टू, त्या पोरीला आमच्याकडे यायचं नसेल तर मी आनंदाने शब्द परत देईन. परीक्षा देऊन यायचं असेल तर माझा मुलगा थांबेल, त्याला काय घाई आहे. पण तिच्या तोंडून ऐकू दे की मला. तू आणि तुझे आप्पा तिच्या वतीने किती दिवस बोलणार?"

एवढं लाजल्याचं मला दुसरं आठवत नाही. ताक अर्धं ठेवून मी उठलो. "बस की, ऊन उतरल्यावर जा," तुळसाक्का म्हणाल्या. मी नाही म्हटलं, त्यांच्या पाया पडलो आणि रस्त्यावर आलो. म्हैसूरची बस नुकतीच गेली होती, पुढची दोन तासांनी. मला उभं राहवेना. हुणसूरच्या दिशेने चालायला लागलो, मागून जे काही येईल त्याला हात करायचा असं ठरवून. एकीकडे तंबाखूची हिरवी रानं, एकीकडे भट्ट्यांचा धूर. बहिणीला मी जन्मात काही विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं. चालता चालता मोठ्याने म्हणून बघितलं, "मंजू, तुला काय हवंय?" आवाज हुकूम दिल्यासारखा आला. पुन्हा म्हणून बघितलं.